घर, गुंठा आणि कॉन्ट्रॅक्टर

नुकतंच स्वतःचं घर बांधून झालेल्या माणसाला गाठा आणि विचारा, "काय, कसं झालं घर?" पहिली दोन मिनिटं तो घराबद्दल बोलेल. पुढचा तासभर कॉन्ट्रॅक्टरबद्दल! सिमेंट कसं खाल्लं, गणपतीत गावाला गेला तो दिवाळीपर्यंत कसा उगवलाच नाही, प्लास्टरला कुठे कुठे भेगा गेल्या. आणि समारोप ठरलेला: "हे लोक सगळे सारखेच हो."

मला जरा उलटं म्हणायचंय. लबाड कॉन्ट्रॅक्टर असतात, नाही कोण म्हणतो. पण आपल्या पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात गुंठा-दोन गुंठ्यांवर जी घरं उभी राहतात, तिथे कॉन्ट्रॅक्टर बिघडण्याच्या आधीच बरंच काही बिघडलेलं असतं. आणि ते बिघडवणारे आपण मालक असतो.

आधी एक खुलासा, कारण बोलताना लोक दोन माणसांची गल्लत करतात. बिल्डर वेगळा, कॉन्ट्रॅक्टर वेगळा. बिल्डर स्वतः बांधतो आणि आपल्याला फ्लॅट विकतो. त्याच्यासाठी २०१६ चा रेरा कायदा आहे, २०१७ पासून महारेरा आहे. कॉन्ट्रॅक्टर आपल्या जागेवर आपल्यासाठी बांधतो. इथे विक्रीच नाही, त्यामुळे रेराचा संबंधच येत नाही. फ्लॅट घेणाऱ्याला जेवढं संरक्षण आहे तेवढं स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला नाही. आणि तरी फ्लॅट घेताना वकिलाला कागद दाखवणारा माणूस घर बांधताना चहाच्या टपरीवर सौदा करतो. आता बोला!

हा कॉन्ट्रॅक्टर म्हणजे तरी कोण? पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून शेकडो वर्कशॉप्स. कामगार आले, त्यांना घरं हवी होती. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण झालं (ते २०२१ मध्ये बंद करून पीएमआरडीए आणि महापालिकेत वाटलं गेलं), त्याचे आखीव सेक्टर झाले. पण सगळे कामगार त्यात मावणं शक्यच नव्हतं. उरलेल्यांनी पतपेढीचं कर्ज काढून, पीएफमधून पैसे काढून शेतकऱ्याकडून गुंठा-दीड गुंठा घेतला. गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, एकराचा चाळिसावा भाग. सातबारावर दहा-बारा नावं एकत्र, एनए नाही, नकाशा नाही. थेरगाव, काळेवाडी, दिघी, भोसरीच्या कडा, चिखली, मोशी... हे शहर असं वाढलं. २००१ साली सरकारला गुंठेवारी नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा.

ही घरं कुणी बांधली? आर्किटेक्टनी नाही. लातूर, नांदेड, परभणी, विजापूरकडून बिगारी म्हणून आलेला माणूस आधी गवंडी झाला, मग सेंट्रिंगच्या प्लेटा विकत घेतल्या, मग चार गवंडी हाताशी धरून "कॉन्ट्रॅक्टर" झाला. तो प्लॅन सुचवतो, पाया किती खोल घ्यायचा ते ठरवतो, सळई किती लागेल ते सांगतो, माल उधारीवर आणतो, माणसं आणतो, वीज मीटरवाल्याशी बोलतो आणि दरवाजा कुठल्या दिशेला हवा यावरही मत देतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एवढ्या कामाला सहा माणसं असतात आणि सातवा त्यांच्या मीटिंगा लावतो! माझ्या मनात या माणसाबद्दल आदर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आता मालक त्याला काय विचारतो? एकच प्रश्न. "स्क्वेअर फुटाला काय घेणार?"

बस्स. तिघांना विचारतो, सगळ्यात कमी सांगणाऱ्याला अजून पन्नास कमी करायला लावतो आणि नारळ फोडतो. ड्रॉइंग नाही, सिमेंट-सळईचा ब्रँड ठरलेला नाही, स्लॅबची जाडी लिहिलेली नाही. मुळात कुठला स्क्वेअर फूट तेही ठरलेलं नसतं. कॉन्ट्रॅक्टर स्लॅबचा एरिया धरतो, त्यात छज्जा आला, गॅलरी आली, जिन्यावरचं टोपण आलं. मालक आतल्या खोल्या मोजतो. पाण्याची टाकी, पॅराफिट, कंपाउंड, गेट दरात की बाहेर, हे भांडण चौथ्या महिन्यात सुरू होतं. आमच्याकडे याला फिक्स्ड बिड म्हणतात, पण रिक्वायरमेंट न लिहिता फिक्स्ड बिड करणारा क्लायंट मी तरी पाहिला नाही.

दर पाडला की काय होतं, याचं गणित करून बघू. हजार स्क्वेअर फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे ४१७ घनफूट काँक्रीट, मेट्रिकमध्ये ११.८ घनमीटर. घनमीटरला आठ गोण्या सिमेंट धरलं तर साधारण ९४ गोण्या. हाच स्लॅब साडेचार इंचाचा टाकला तर नऊ-दहा गोण्या वाचल्या, खडी आणि क्रश सँड वेगळी. वरून बघणाऱ्याला कळत नाही, खालून बघणाऱ्यालाही नाही. पण स्लॅबचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दहा टक्के घटली की ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी घटतो. तुम्ही स्क्वेअर फुटामागे जे पन्नास रुपये कमी केले, ते कुठून तरी येणारच होते. ते इथून आले.

आणि आपल्या पट्ट्यातला विनोद असा, की हे सहन करणारी माणसं कोण? भोसरीत आणि चाकणला ज्यांचा दिवस व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात घेऊन जातो ती! माझे मेहुणे अशाच एका कंपनीत इनकमिंग इन्स्पेक्शनला आहेत. बुशचा व्यास वीस मायक्रॉनने जास्त भरला तर अख्खा लॉट परत पाठवतात. व्हेंडर गयावया करतो, हे ऐकत नाहीत. त्यांच्या मोशीच्या घराचा स्लॅब पडला तेव्हा मी गेलो होतो. सकाळी मिक्सरपाशी नारळ फुटला, मजुरांना नाश्ता दिला, पेढे वाटले. मी विचारलं, "सळई कुणी तपासली?" मेहुणे म्हणाले, "अरे, तो बघतोय ना सगळं." तो म्हणजे कॉन्ट्रॅक्टर. टाईल्सची शेड जुळवायला मात्र तीन दुकानं आणि चार रविवार गेले.

बरं, घर बांधताना बाहेरचं कुणी येतच नाही असंही नाही. परवानगी घेऊन बांधत असाल तर जोते तपासणी होते. पण त्यात बघायचं असतं ते मुख्यतः नकाशाप्रमाणे अंतरं सोडली आहेत का. कर्ज असेल तर बँकेचा माणूस येतो. तो बघतो काम किती टक्के झालं, कारण त्यावर पुढचा हप्ता सोडायचा असतो. आर्किटेक्ट बऱ्याच ठिकाणी नकाशा मंजूर करण्यापुरता. आरसीसी कन्सल्टंटने ड्रॉइंग दिलेलं असतं, ते साईटवर सिमेंटच्या गोणीखाली सापडतं. म्हणजे येणारा प्रत्येक जण मोजतोय, तपासत कुणीच नाही. तपासणारा एकच, ज्याने काम केलं तोच. कोड लिहिणाऱ्यानेच टेस्टिंग करून "ओके" लिहायचं, तसं.

सगळी गोम आहे ती सळई बांधून झाल्यापासून काँक्रीट पडेपर्यंतच्या एक-दोन तासांत. एकदा काँक्रीट पडलं की झाकली मूठ. तेव्हा काय बघायचं असतं, ते काही फार अवघड नाही. सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का, की खडीचे तुकडे सरकवलेत? आयएस ४५६ या मानकात (२००० सालची आवृत्ती) स्लॅबला किमान २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि फुटिंगला ५० मिलिमीटर कव्हर सांगितलंय. हे नसलं की सात-आठ पावसाळ्यांत सळई गंजते, फुगते आणि खालचं प्लास्टर पोपडे होऊन पडतं. मग आपण "लीकेज आहे" म्हणून वर डांबर ओतत बसतो. रिंगांची टोकं आतल्या बाजूला नीट वळवलीत का? भूकंपाचा विचार करणारं आयएस १३९२० हे मानक १३५ अंश सांगतं, आपल्याकडे ९० अंशांत वाकवून मोकळे होतात, कारण ते सोपं असतं. आणि पाणी! साध्या प्रमाणाच्या एम-२० काँक्रीटला एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. मिक्सरवाला पाईप सोडून देतो, कारण पातळ माल पटकन पसरतो आणि टोळीला संध्याकाळच्या आत घरी जायचं असतं. इथे कॉन्ट्रॅक्टरचा पैसाही वाचत नाही. निव्वळ घाई.

क्युरिंगचं तर विचारूच नका. साधं सिमेंट असेल तर किमान सात दिवस, फ्लाय अॅश किंवा स्लॅगचं मिश्र सिमेंट असेल तर किमान दहा आणि शक्यतो चौदा दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गोण्यांवर पीपीसी लिहिलेलं असतं, म्हणजे मिश्रच. पण तोंडी करारात एक ठरलेलं वाक्य असतं, "पाणी-लाईट मालकाचं". आणि मालकाकडे पाणी कुठे? पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं. हद्दीबाहेर तर टँकरचाच भरवसा. उन्हाळ्यात टँकर पिण्याला वापरू की स्लॅबला पाजू, असा प्रश्न. चौथ्या दिवशी आळं कोरडं पडतं. मालक म्हणतो कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने पाणी मारलं नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तुम्ही पाणी दिलं नाही. दोघंही खरं बोलत असतात.

आता त्याची बाजू बघू. त्याच्या टोळीला दर आठवड्याला खर्ची द्यावी लागते. गावाहून माणसं आणायची तर आधी उचल द्यावी लागते, आणि ती माणसं उचल घेऊन दुसऱ्या साईटवर गेली तर ती बुडीत. डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी माणूस मिळतो, पण सेंट्रिंगचा पक्का कारागीर तिथे उभा नसतो. सळईचा भाव कामाच्या मध्यावर चढला तरी दर तोच, कारण तुम्ही "मटेरियलसकट" ठरवलंय. आणि मालकाचा हप्ता? बँकेकडून आला की. मेहुणा गावची जमीन विकणार होता तो व्यवहार लांबला की थांबला. "पुढच्या सोमवारी नक्की." मग तो काय करतो? नवी साईट घेतो, तिच्या ॲडव्हान्समधून तुमच्या टोळीची खर्ची भागवतो. तिसऱ्या साईटच्या ॲडव्हान्समधून दुसरीची. आणि मग एक दिवस सगळ्याच साईटवरून गायब होतो, कारण पाय एक आणि जोडे चार. बरेचसे "पळून गेलेले" कॉन्ट्रॅक्टर असे पळालेले असतात. वेळेवर पैसे न देणाऱ्या चार मालकांना फिरवत फिरवत त्याने आपल्या उधारीवर घरं बांधून दिलेली असतात, हे आपण सांगत नाही.

आणि दुसरं म्हणजे त्याचं ते लाडकं वाक्य, "होऊन जाईल".

चाकण भागात, म्हणजे खराबवाडी, मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे या गावांत मोठे कारखाने आल्यापासून कामगारांना खोल्या लागतात. त्यामुळे तळमजला अधिक एक असं बांधायला काढलेलं घर बघता बघता वर वाढतं. गच्चीवर कॉलमच्या सळया उभ्या सोडलेल्याच असतात, त्या तीन पावसाळे गंजतात आणि मग त्यावरच पुढचा मजला. खालचं फुटिंग किती मजल्यांसाठी होतं, हे विचारणारा कुणी नाही. मालक विचारतो, "अजून एक मजला चढवू का?" कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "होऊन जाईल." तो "नाही" म्हणाला असता तर मालक दुसऱ्याकडे गेला असता, जो हो म्हणतो. तसंच कॉलमचं. बैठकीच्या खोलीत कोपरा पुढे आलेला बाईसाहेबांना नको असतो, साहेबांनाही नको असतो. मग भिंतीत लपणारा नऊ इंची कॉलम. आयएस १३९२० ची २०१६ ची आवृत्ती किमान ३०० मिलिमीटर, म्हणजे बारा इंच म्हणते. कॉन्ट्रॅक्टरला ठाऊक असतं किंवा नसतं. "होऊन जाईल" मात्र नक्की असतं.

परवानगीच्या बाबतीत हे वाक्य सर्वात महाग पडतं. १७ मे २०२५ ला चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले महापालिकेनं पाडले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा. तिथे बांधकाम पक्कं होतं की कच्चं, याला काही अर्थच उरला नाही. अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर २०२३ मध्ये शासनाने माफ केला, तेव्हा कित्येकांना वाटलं घर अधिकृत झालं. तसं काही नसतं, कर माफ झाला एवढंच. जागा कुठल्या झोनमध्ये आहे, पूररेषा कुठे आहे, रस्त्याचं आरक्षण आहे का, हे बघणं कॉन्ट्रॅक्टरचं काम नाही. विकास आराखडा आपण जाऊन बघायचा. एक सुट्टी टाकावी लागते, जास्त काही नाही.

तर मग करायचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे की जो बांधतो त्याच्याशिवाय दुसरा कुणीतरी तपासणारा हवा, आणि त्याचे पैसे कॉन्ट्रॅक्टरने नव्हे, तुम्ही द्यायचे. स्ट्रक्चरल इंजिनिअरशी ठरवताना फक्त ड्रॉइंगचे नाही, भेटींचे पैसे ठरवा: फुटिंगला एक, प्रत्येक स्लॅबच्या सळईला एक. तो "भरा" असं लिहून सही करेपर्यंत मिक्सर सुरू होणार नाही, हे कॉन्ट्रॅक्टरला नारळ फोडण्याआधी सांगा. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे सहा ठोकळे भरून ठेवा आणि २८ दिवसांनी एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाबून बघा. चांगला कॉन्ट्रॅक्टर याने चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण मग तो दर थोडा जास्त का सांगतोय ते मालकाला दिसतं.

आमच्या शेजारी एक काका आहेत, पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. मुलाचं घर बांधताना त्यांनी साईटवर एक वही ठेवली. रोज तारीख, किती गोण्या आल्या, किती फोडल्या, रिकाम्या किती, कोणतं काम झालं, किती माणसं होती, पाणी किती वेळा मारलं. खाली काकांची सही आणि कॉन्ट्रॅक्टरच्या मुकादमाची सही. पहिल्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "काका, विश्वास नाही का?" काका म्हणाले, "कंपनीत चाळीस वर्षं माझ्यावरही नव्हता." दुसऱ्या महिन्यात कॉन्ट्रॅक्टर स्वतःच ती वही मुकादमाला दाखवून हिशेब मागायला लागला, कारण त्याच्या गोण्या त्याचीच माणसं शेजारच्या साईटवर विकत होती!

कागदाचंही तसंच. दर, एरिया कसा मोजायचा, स्लॅबची जाडी, सिमेंट-सळईचा प्रकार, पाणी कुणाचं, कोणत्या टप्प्याला किती पैसे, हे सगळं दोन पानांत लिहून होतं. शंभराच्या (आता पाचशेच्या) स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या, पैसे चेकने किंवा खात्यावर. रेरा नसला तरी ग्राहक कायदा आहे. घरबांधणी ही "सेवा" असल्याचं १९९३ च्या दुरुस्तीपासून कायद्यात लिहिलेलं आहे, २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण जिल्हा आयोगापुढे जाऊन "साहेब, टपरीवर ठरलं होतं आणि रोख दिले होते" असं सांगणार असाल तर कठीण आहे.

पैशांचे टप्पे ठरवताना शेवटचे पाच टक्के एक पावसाळा संपेपर्यंत मागे ठेवायचं लिहून घ्या, गच्चीच्या कोब्याची परीक्षा त्याशिवाय होत नाही. मात्र ऑक्टोबर उजाडला आणि छत गळलं नाही, तर त्याला फोन करायला लावू नका, चार हेलपाटे घालायला लावू नका. काकांनी कोजागिरीला त्याला घरी बोलावलं, दूध दिलं आणि चेक दिला. तो म्हणाला, हे मागचे पैसे त्याला आजवर कुणी न मागता दिले नव्हते, त्यामुळे दर सांगतानाच तो ते बुडीत धरून सांगतो.